प्रोफ्युमो, थॉर्प, हार्ट, क्लिंटन: जुनी लफडी माध्यमांना सुटत का नाहीत?

कात्रणवही

दर दोन-चार वर्षांनी हेच चेहरे परत येतात. कधी रविवारच्या पुरवणीत, कधी पॉडकास्टमध्ये, कधी मालिकेत. २०१८ ते २०२१ या काळात तर ब्रिटनच्या लिबरल पक्षाचे नेते जेरेमी थॉर्प, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेले गॅरी हार्ट, ब्रिटिश युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन या चौघांच्याही प्रकरणांवर पडद्यावर मोठ्या निर्मिती झाल्या आणि प्रत्येकीमागे लेखांची रांग लागली. 'लोकांना असलं चघळायला आवडतं' हे उत्तर ठरलेलं आहे. खरं असेल, पण त्याने याच चौघांचं कोडं सुटत नाही. राजकारण्यांची लफडी काय थोडी झाली?

माझं म्हणणं असं की ही प्रकरणं स्वस्त आणि बिनधोक आहेत. साहित्य तयार आहे, कायद्याचा धोका जवळजवळ संपलेला आहे आणि निमित्त कॅलेंडरच पुरवतं.

निमित्ताचं आधी सांगतो. संपादकीय विभागाकडे वर्षभराची तारखांची यादी असते. ५, १०, २५, ५० अशी वर्षं भरली की ओळ आपोआप वर येते. दुसरं निमित्त मृत्यूचं. मोठ्या वृत्तपत्रांत मृत्युलेख आधीच लिहून ठेवलेले असतात, वर चार ओळी घातल्या की झालं. प्रोफ्युमो २००६ मध्ये गेले. थॉर्प २०१४ च्या डिसेंबरमध्ये गेले, त्याच महिन्यात प्रोफ्युमो प्रकरणातल्या मँडी राइस-डेव्हिस गेल्या, प्रोफ्युमोंचे जिच्याशी संबंध होते त्या क्रिस्टीन कीलर डिसेंबर २०१७ मध्ये आणि क्लिंटन यांची चौकशी करणारे केनेथ स्टार सप्टेंबर २०२२ मध्ये. प्रत्येक वेळी अख्खं प्रकरण पहिल्यापासून.

आता साहित्य. अमेरिकेत संघ सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून तयार केलेल्या मजकुरावर प्रताधिकार नसतो. त्यामुळे ४४५ पानांचा स्टार अहवाल कुणीही कितीही उतरवावा, पैसे पडत नाहीत. ११ सप्टेंबर १९९८ रोजी प्रतिनिधीगृहाने ३६३ विरुद्ध ६३ मतांनी तो खुला केला आणि त्याच दिवशी तो इंटरनेटवर आला. २१ सप्टेंबरला क्लिंटन यांच्या ग्रँड ज्युरीपुढच्या साक्षीची सुमारे चार तासांची चित्रफीत वाहिन्यांवर गेली. राष्ट्राध्यक्ष शपथेवर अंथरुणातल्या तपशिलांवर उत्तरं देतोय असं सरकारी चित्रण फुकट मिळत असताना कुठला निर्माता दुसरीकडे जाईल?

उलट बाजूने पाहा. १९७४ च्या ऑक्टोबरमध्ये विल्बर मिल्स यांची गाडी वॉशिंग्टनमध्ये पार्क पोलिसांनी अडवली आणि सोबतच्या नर्तकीने टायडल बेसिनच्या पाण्यात उडी मारली. मिल्स म्हणजे करविषयक समितीचे अध्यक्ष, त्या काळातले अतिशय ताकदवान गृहस्थ. प्रसंग चित्रपटात शोभेल असा, तरी आज कोण आठवतं? मागे जाडजूड अहवाल नाही, खटला नाही, साक्षी नाहीत. उतरवून घ्यायला काही नाही.

शंकेखोर

मुद्दा पटतो, पण अर्धाच. प्रोफ्युमो युद्धमंत्री होते आणि कीलर या त्याच तरुणीची सोव्हिएत नौदल अधिकारी येवगेनी इवानोव याच्याशीही ओळख होती. शिवाय २२ मार्च १९६३ ला ते सभागृहात धडधडीत खोटं बोलले. हे पुन्हा सांगण्यात गैर काय? सार्वजनिक हिताचा प्रश्न आहेच की.

कात्रणवही

आहे ना. मग लेखात तो किती आहे ते मोजू या. कुठलाही वर्धापनदिनाचा लेख घ्या आणि परिच्छेदांना खुणा करा. ते दोघं जिथे भेटले त्या क्लाइव्हडेन वाड्याचा जलतरण तलाव, टॉवेल, खुर्चीवरचा फोटो हा एक रंग. इवानोव, सुरक्षायंत्रणा, सभागृहातलं निवेदन हा दुसरा. प्रकरणाच्या सरकारी चौकशीचा जो डेनिंग अहवाल आला त्याचा निष्कर्ष काय होता, हे एका तरी वाक्यात आलंय का ते बघा. सुरक्षेला बाधा आली नाही, सरकार प्रकरण हाताळण्यात कमी पडलं, असा तो निष्कर्ष होता. 'सुरक्षेचा प्रश्न' म्हणून सुरू झालेल्या लेखात हे वाक्य नसेल तर सुरक्षा फक्त दाराशी उभी केली होती असं समजावं.

मुद्रितशोधक

स्वस्ताईचा दुसरा परिणाम जास्त वाईट. जुनं कात्रण उतरवताना त्यातली चूकही उतरते, आणि पुढच्या वेळी दोन कात्रणं जुळतात म्हणून ती खरी ठरते. हार्ट प्रकरण याचा सर्वांत चांगला नमुना आहे.

सगळीकडे छापून येणारी कथा अशी: विवाहबाह्य संबंधांच्या कुजबुजीवर हार्ट यांनी पत्रकारांना 'माझा पाठलाग करा' असं आव्हान दिलं, मायामी हेराल्ड या वृत्तपत्राने ते स्वीकारलं, एका तरुणीसोबतचा बोटीवरचा फोटो छापला आणि उमेदवारी संपली. यातले तिन्ही सांधे निखळतात. हेराल्डला निनावी फोन आधी आला होता आणि पाळतीचा निर्णय त्यावरून झाला. आव्हानाचं वाक्य न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात ३ मे १९८७ ला छापून आलं, हेराल्डची बातमीही त्याच रविवारची. म्हणजे वाचकांसमोर आव्हान आलं तोवर पाळत होऊन गेली होती. आणि तो प्रसिद्ध फोटो? हार्ट यांनी ८ मेला माघार घेतली, फोटो नॅशनल एन्क्वायररच्या २ जूनच्या अंकाच्या मुखपृष्ठावर आला. ज्या फोटोने उमेदवारी बुडाली म्हणतात, तो उमेदवारी बुडाल्यावर छापला गेलाय.

ही चूक टिकते कशी? कारण तिच्यामुळे गोष्ट नीटस होते. गर्व, आव्हान, पुरावा, पतन. खरा क्रम लावला की माध्यमांनी रेषा कुठे ओलांडली हा प्रश्न उरतो, आणि तो लिहिणाऱ्यालाच अडचणीचा.

बाकीच्या चुका भरभर सांगतो, कुणाला तपासायला उपयोगी पडतील. कीलर यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली ती प्रोफ्युमोंशी संबंध ठेवल्याबद्दल नव्हे, एका वेगळ्याच मारहाणीच्या खटल्यात खोटी साक्ष दिल्याबद्दल. राइस-डेव्हिस यांचं 'तो असंच म्हणणार ना' हे उत्तर प्रोफ्युमोंबद्दल नव्हतं, त्यांच्याशी संबंध असल्याचा लॉर्ड अॅस्टर यांनी जो इन्कार केला त्याबद्दल होतं. शिवाय ते प्रोफ्युमो प्रकरणातल्याच स्टीफन वॉर्ड यांच्यावरच्या खटल्याच्या जून १९६३ मधल्या प्राथमिक सुनावणीतलं आहे, लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या मुख्य खटल्यातलं नाही. थॉर्प यांना शिक्षा झाली असं मराठीतही वाचलंय. खुनाच्या कटाच्या खटल्यात २२ जून १९७९ ला ते आणि उरलेले तिन्ही आरोपी निर्दोष सुटले. व्हाइट हाउसमधल्या प्रशिक्षणार्थी मोनिका लेविन्स्की २१ व्या वर्षी क्लिंटन यांच्याशी गुंतल्या असं येतं. जन्म जुलै १९७३, सुरुवात नोव्हेंबर १९९५, वय २२.

रात्रपाळी

क्लिंटन यांच्यावरची मराठी गफलत राहिली. 'महाभियोगामुळे पायउतार' असं सर्रास लिहितात. प्रतिनिधीगृहापुढे चार कलमं होती. १९ डिसेंबर १९९८ ला दोन मंजूर झाली (ग्रँड ज्युरीपुढे खोटी साक्ष, २२८-२०६, आणि न्यायात अडथळा, २२१-२१२), दोन पडली. १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटमध्ये पहिल्यावर ४५-५५, दुसऱ्यावर ५०-५०. हवी होती ६७. ते जानेवारी २००१ पर्यंत पदावर होते. आणि महाभियोग मंजूर झाल्यावर लगेच गॅलपच्या चाचणीत त्यांची पसंती ७३ टक्के होती. हा आकडा बहुतेक लेखांत नसतो, कारण तो घातला की 'देश हादरला' हे वाक्य काढावं लागतं.

चुका का राहतात, तर या लेखांची घडणच तशी असते. बातमीला बातमीदार असतो, स्मरणलेखाला उपसंपादक. त्याच्या हातात अर्धी पाळी, शब्दमर्यादा बाराशेच्या आसपास, आणि समोर संस्थेचाच दहा वर्षांपूर्वीचा लेख. तो लेख ज्याच्यावरून केला होता तो आणखी दहा वर्षं जुना. कुणीही मूळ कागद उघडत नाही कारण विषय 'माहितीतला' असतो. ताज्या बातमीला दोन स्रोत मागणारा संपादक इथे एकही मागत नाही.

चित्रफितीचं गणित वेगळं. वाहिन्यांचं जुनं चित्रण सेकंदाच्या किंवा मिनिटाच्या हिशेबाने विकत घ्यावं लागतं, वर किमान आकार असतो, म्हणजे आठ सेकंद वापरलं तरी ठरलेली किमान रक्कम भरायची. परवाना देश, माध्यम आणि मुदत या तिन्हींना बांधलेला. मुदत संपली की वेबवरची फीत उतरवावी लागते. यामुळे सगळे तीच पाच-सहा दृश्यं वापरतात: ज्यांचे हक्क स्पष्ट आहेत ती. सगळ्या माहितीपटांत क्लिंटन यांनी लेविन्स्कींना मारलेली तीच मिठी आणि क्लिंटन यांचं बोट उगारून केलेलं तेच वाक्य दिसतं, त्यामागे कल्पकतेचा अभाव कमी आणि हक्कांची फाइल जास्त.

तळघर_संदर्भ

हक्कांवरून आठवलं. क्लिंटन-लेविन्स्की मिठीचा टाइम मासिकातला प्रसिद्ध फोटो डर्क हॉलस्टेड यांनी ऑक्टोबर १९९६ मधल्या एका निधिसंकलन कार्यक्रमात काढला होता, तेव्हा त्याची किंमत शून्य. जानेवारी १९९८ मध्ये प्रकरण फुटल्यावर जुन्या स्लाइड्स चाळून तो शोधला गेला. फिल्मवर होता म्हणून उरला, डिजिटल असता तर नको म्हणून पुसला गेला असता. कुठलं प्रकरण 'दृश्य' होणार हे असं ठरतं.

ब्रिटनमधला फोटोचा नियमही लक्षात ठेवा. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी प्रताधिकारित मजकुराचा वाजवी वापर चालतो, पण त्या सवलतीतून छायाचित्रं वगळलेली आहेत. कीलर यांचा खुर्चीवरचा फोटो लुइस मॉर्ली यांनी १९६३ मध्ये एका नियोजित चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढला होता. 'बातमी आहे' म्हणून तो उचलता येत नाही.

फोटोओळींचा तर स्वतंत्र त्रास. एजन्सीच्या साठ्यात १९९८ ची फोटोओळ जशीच्या तशी पडलेली असते आणि फोटोसोबत पानात उतरते. मुख्य मजकूर कितीही सभ्य लिहा, खाली पंचवीस वर्षांपूर्वीची भाषा. पान लावणाऱ्याने फोटोओळ पुसून नव्याने लिहायची, हा एवढाच उपाय आहे.

कायदेपंडित_नाही

'बिनधोक' या शब्दावर थोडं.

१९६३ च्या सुरुवातीला लंडनमधल्या बऱ्याच पत्रकारांना प्रोफ्युमो प्रकरण ठाऊक होतं. छापत का नव्हते? अब्रुनुकसानीचा दावा. म्हणून आडवाटा काढल्या. १५ मार्चला डेली एक्सप्रेसने पहिल्याच पानावर दोन असंबद्ध बातम्या शेजारी लावल्या: एकीकडे युद्धमंत्र्यांनी राजीनामा देऊ केल्याची, दुसरीकडे बेपत्ता साक्षीदार कीलर यांचा फोटो. संबंध वाचकाने लावायचा. मग २१ मार्चच्या रात्री विरोधी पक्षाचे खासदार जॉर्ज विग यांनी सभागृहात विषय काढला, कारण तिथलं बोलणं दाव्यापासून सुरक्षित. प्रोफ्युमोंनी उलट परदेशी मासिकांवर दावे लावले. ५ जूनला त्यांनी कबुली देऊन राजीनामा दिला आणि बांध फुटला. तेव्हापासून आजपर्यंत तो मजकूर छापायला धोका नाही.

आताची स्थिती अशी. ब्रिटन आणि अमेरिकेत मृत व्यक्तीच्या बदनामीचा दावा चालत नाही. अमेरिकेत १९६४ पासून सार्वजनिक अधिकाऱ्याला 'खोटं आहे हे माहीत असून किंवा बेफिकिरीने छापलं' हे सिद्ध करावं लागतं, जे अवघड आहे. इंग्लंड-वेल्समध्ये दाव्याची मुदत एक वर्ष आणि २०१३ च्या कायद्याने ती पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. पण ही सवलत त्याच प्रकाशकाने तोच मजकूर पुन्हा दिला तरच. दुसऱ्याने उतरवला तर त्याचं घड्याळ नव्याने सुरू होतं. 'सगळ्यांनी छापलंय' हा बचाव नाही, हे वेबवाल्यांना हमखास कळत नाही.

आणि धोका असला की माध्यमं कशी गप्प बसतात त्याचाही दाखला आहे. सेसिल पार्किन्सन यांनी १९८३ मध्ये विवाहबाह्य संबंधांवरून मंत्रिपद सोडलं. त्या संबंधातून झालेल्या मुलीबद्दल काही छापायला ती १८ वर्षांची होईपर्यंत न्यायालयाची मनाई होती. प्रकरण कमी खमंग होतं असं नाही, तरी त्याचे वर्धापनदिन फारसे झाले नाहीत.

दुसरी_आवृत्ती

पैशाचा कोन कुणीच काढला नाही. जुनं लफडं पुन्हा विकण्याचा पाठ १९६९ सालचा आहे. रूपर्ट मर्डॉक यांनी त्या वर्षाच्या सुरुवातीला न्यूज ऑफ द वर्ल्ड हे ब्रिटिश साप्ताहिक ताब्यात घेतलं आणि शरद ऋतूत कीलर यांच्या आठवणी क्रमशः छापल्या. सहा वर्षं झाली होती, प्रोफ्युमो ईस्ट एंडमधल्या टॉयन्बी हॉलमध्ये समाजकार्य करत होते. प्रेस कौन्सिलने ठपका ठेवला. काही बिघडलं नाही. वाचक नवं काही मिळेल म्हणून येत नाही, माहीत असलेलं पुन्हा अनुभवायला येतो, हे तेव्हाच सिद्ध झालं.

त्याहून घातक करार थॉर्प खटल्यातला. संडे टेलिग्राफने सरकारी पक्षाचे साक्षीदार पीटर बेसेल यांच्याशी ठरवलं होतं: थॉर्प दोषी ठरले तर ५०,००० पौंड, सुटले तर २५,०००. साक्षीदाराला निकालात निम्म्या रकमेचा रस. बचाव पक्षाने हे ज्युरीपुढे ठेवलं आणि बेसेल यांची विश्वासार्हता तिथेच संपली. आता ब्रिटिश संपादकांच्या आचारसंहितेत खटला सुरू झाल्यावर साक्षीदाराला पैसे देण्यास बंदी आहे, आणि निकालावर अवलंबून रक्कम तर कुठल्याच परिस्थितीत नाही. खटल्यानंतर एका ज्युरी सदस्याची मुलाखत न्यू स्टेट्समनमध्ये आली, त्यातून १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यात ज्युरीच्या चर्चेला संरक्षण देणारं कलम आलं. थॉर्प प्रकरणातला माध्यमांविषयीचा खरा ऐवज हा आहे. मालिकांमधून मात्र ज्याच्या खुनाचा कट रचल्याचा आरोप होता त्याच्या कुत्र्याला गोळी लागलेलीच लोकांना आठवते.

वाचनमात्र

आपल्याकडच्या जगजीवनराम प्रकरणाबद्दल कुणी सांगेल का? 'त्या फोटोंमुळे पंतप्रधानपद हुकलं' असं प्रत्येक निवडणुकीच्या आधी वाचायला मिळतं.

तळघर_संदर्भ

तारखा लावून बघा, वाक्य डळमळतं. जगजीवनराम यांच्या मुलाचे एका तरुणीसोबतचे खासगी फोटो 'सूर्या' मासिकात १९७८ मध्ये आले, संपादक मनेका गांधी. त्यानंतर जानेवारी १९७९ मध्ये चरणसिंगांबरोबर जगजीवनराम उपपंतप्रधान झाले. म्हणजे फोटो छापल्यावर पद वाढलं. मोरारजींचं सरकार जुलै १९७९ मध्ये पडलं ते जनता पक्ष फुटल्यामुळे. चरणसिंग पंतप्रधान झाले, आणि त्यांच्या राजीनाम्यानंतर राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी जगजीवनराम यांना न बोलावता २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित केली. फोटोंनी प्रतिमेला धक्का बसला नसेल असं नाही. पण कारण म्हणून लिहायचं असेल तर मधले टप्पे लेखात हवेत. ते घातले की मथळा 'एका फोटोने' असा करता येत नाही, म्हणून गाळले जातात.

आणि त्यातल्या तरुणीचं नाव. ती कुठल्याही पदावर नव्हती. लेखाला त्या नावाची गरज शून्य, तरी दर वेळी छापलं जातं.

शंकेखोर

मग लेविन्स्कींचं नाव तरी का घ्यायचं?

मुद्रितशोधक

त्या स्वतः बोलायला पुढे आल्या आहेत म्हणून. २०१४ मध्ये व्हॅनिटी फेअरमध्ये लिहिलं, २०१५ मध्ये जाहीर व्याख्यान दिलं, २०२१ च्या मालिकेच्या निर्मात्यांत त्या होत्या. कसोटी सोपी आहे: व्यक्ती पदावर होती का, किंवा नंतर स्वतःहून सार्वजनिक बोलली का. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर 'एक कर्मचारी', 'एक विद्यार्थिनी' एवढं पुरतं. मथळ्यात प्रकरणाला पदावरच्या माणसाचं नाव द्यायचं. 'लेविन्स्की प्रकरण' लिहिलं की शपथेवर खोटं बोलण्याचा आरोप कुणावर होता तेच गायब होतं.

कायदेपंडित_नाही

भारतात लिहिणाऱ्यांसाठी तीन वेगळेपणं. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, प्रकरण कितीही जुनं असलं तरी. संमतीशिवाय खासगी अवयवांचं चित्र टिपणं किंवा पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई मध्ये येतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'धूसर करून दाखवलं' ही पळवाट समजू नका, पाठवणं हाही पसरवण्याचाच भाग. आणि इथे मृतांची बदनामीही फौजदारी ठरू शकते, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली असेल तर. ब्रिटनच्या भरवशावर इथे लिहू नये.

रात्रपाळी

कुणाला असा लेख करायचाच असेल तर क्रम बदला. आधी तारखांचा तक्ता, फक्त मूळ कागदांवरून. मग प्रत्येक 'त्यामुळे' समोर दोन तारखा लिहायच्या, कारणाची आणि परिणामाची. हार्टचा फोटो असाच पकडला जातो. जिवंत असलेल्या प्रत्येकाला प्रश्न लेखी पाठवायचे आणि उत्तराला खरोखरचा वेळ द्यायचा. संध्याकाळी पाचला मेल टाकून 'प्रतिसाद मिळू शकला नाही' छापणं ही शुद्ध लबाडी. जुनी कात्रणं सर्वांत शेवटी उघडायची, रंगासाठी. उलट केलं की तक्ता कात्रणाच्या साच्यात बसवला जातो.

वाचनमात्र

मूळ कागद म्हणजे नेमके कुठले? प्रोफ्युमोंचं सभागृहातलं निवेदन सामान्य वाचकाला मिळतं का?

तळघर_संदर्भ

मिळतं. हॅन्सार्ड म्हणजे ब्रिटिश संसदेचं अधिकृत इतिवृत्त, त्याचे जुने खंड ऑनलाइन आहेत आणि खुल्या परवान्यात वापरता येतात. २२ मार्च १९६३ उघडा, निवेदन अगदी छोटं आहे. पण त्याआधी २१ मार्चच्या रात्रीची चर्चा वाचा, नाहीतर प्रोफ्युमो उत्तर कशाला देतायत ते कळत नाही. डेनिंग अहवाल 'कमांड पेपर २१५२' या क्रमांकाने शोधा, नुसतं नाव टाकलं तर त्यावरचे लेखच वर येतात. त्याची भाषा न्यायाधीशाची कमी आणि मासिकाची जास्त आहे, प्रकरणांचे मथळे बघाच. लाखावर प्रती उगाच खपल्या नाहीत. स्टार अहवालाचा क्रमांक 'हाउस डॉक्युमेंट १०५-३१०'. सरकारचं खरंच किती बिनसलं ते पाहायचं असेल तर १७ जून १९६३ ची चर्चा आणि शेवटची मतविभागणी. सरकार ६९ मतांनी जिंकलं, पण सत्ताधारी हुजूर पक्षाचे २७ खासदार मतदानाला उभेच राहिले नाहीत.